येणाऱ्यांची कोठी

दगडखाणीच्या वसाहतीत घरांना चुली नव्हत्या. घरं बांधली तेव्हा चुलीला जागाच ठेवली नव्हती. दोन खोल्या, एक खिडकी, बाहेर नळ, झालं घर. माणसांनी दिवसभर दगड फोडायचे, दगड भरायचे आणि जेवायला सामाईक स्वयंपाकघरात यायचं, असा एकूण हिशेब होता. त्यामुळे वसाहतीत भांडणं पुष्कळ होत, पण अमकीच्या हाताला चव नाही आणि तमकी मीठच घालत नाही, यावरून कधी होत नसत. चव एकाच हाताची होती, आणि त्या हाताबद्दल बोलायची कुणाची छाती नव्हती.

तो हात मापकाकूचा. बाई उंचीला बेताची, अंगानं काटक, बोलायला फटकळ. नाकावर माशी बसू द्यायची नाही आणि पातेल्यावर तर नाहीच नाही. तिचं खरं नाव काय होतं ते तिच्या सुनेलाही लग्नानंतर कितीतरी महिन्यांनी कळलं. रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे ती एकदा बघे, डाव बुडवी, आणि ताटात जे पडे ते त्याच्या भुकेला अगदी नेमकं असे. आणखी मागायला परत आलेल्याला ती म्हणायची, "पोट मागतंय की जीभ?" बहुतेक जण खाली मान घालून परत जात.

लग्न होऊन ती इथे आली तेव्हा तिला साधा भात लावता येत नव्हता. हे ती स्वतःच सांगे, आणि ऐकणारा हसला की त्याच्याकडे रोखून बघे. नवरा दरड कोसळून गेला. पदरात एक मुलगा. मग खाणीनं तिला स्वयंपाकघरात लावून घेतलं. तेव्हा तिथे थोरली आचारीण होती, दात पडलेली, पाठीतून वाकलेली. तिनं पहिल्याच दिवशी हिच्या हातात तांदळाचं मापटं दिलं आणि शिकवलं: आलेल्या माणसांपुरता तांदूळ पातेल्यात, आणि वर एक मापटं मागच्या खोलीतल्या पत्र्याच्या कोठीत.

"हे कुणाचं?" हिनं विचारलं.

"येणाऱ्यांचं," थोरली म्हणाली.

यात गूढ काही नव्हतं, निदान तेव्हा वाटलं नव्हतं. धान्याचा ट्रक यायचा तो कचेरीतल्या जुन्या आकड्यावर. आकडा नेहमी मागे आणि माणसं नेहमी पुढे. कामगार बायकोला घेऊन यायचे, बायका भावाला बोलावून घ्यायच्या, आणि पोरं तर कुणाला विचारून येत नसतातच. नव्यानं आलेल्या जिवाचं नाव कचेरीच्या आकड्यात पडेपर्यंत त्याला या कोठीतलं मिळायचं. जुनं काढायचं, नवं घालायचं. एका येणाऱ्यामागे कोठीत एक वीत तांदूळ हवा, असा थोरलीचा ठोकताळा होता. ती कोठीत हात घालून वितीनं मोजायची.

"पण एक ध्यानात ठेव," थोरलीनं बजावलं, "येणाऱ्यांचं आलेल्यांना घालायचं नाही. कुणी पाया पडलं तरी नाही."

"घातलं तर काय होईल?"

थोरलीनं तांदळातला एक खडा वेचून टाकला. मग म्हणाली, "एकदा घातलं होतं." त्यापुढे ती कधीच बोलली नाही. थोरलीला मूलबाळ नव्हतं, आणि तिच्या वयाच्या वसाहतीतल्या कुठल्याच बाईला नव्हतं, ही गोष्ट मापकाकूच्या लक्षात आली ती फार उशिरा.

पुढे थोरली गेली. मापकाकू मुख्य झाली. तिचा मुलगा मोठा होऊन खडी फोडायच्या यंत्रावर लागला, त्याचं लग्न झालं, सून सासूच्या हाताखाली कांदे चिरायला आली. बरी पोरगी होती. सासूच्या तोंडाला लागायची नाही आणि तिला घाबरायचीही नाही. दोघींचं गूळपीठ बघून लोकांना जरा चुकल्यासारखंच व्हायचं.

मग खाणीचं दुसरं तोंड उघडलं आणि माणसांचा लोंढा सुरू झाला. गाडीच्या गाड्या भरून माणसं उतरायला लागली. डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, एकाच्या काखेत तर जिवंत कोंबडी. दोन खोल्यांच्या घरात दोन दोन संसार राहू लागले. जेवणाची रांग स्वयंपाकघराच्या दारातून निघून नळापर्यंत आणि नळापासून वळून परत दारापर्यंत येई. ट्रक मात्र तेवढाच यायचा. मापकाकू कचेरीत जाऊन तावातावानं बोलून आली. साहेब म्हणाले, आकडा वर पाठवलाय. आकडा वर जाऊन बसला तो बसलाच.

तरी तिनं निभावलं. नव्यानं आलेल्याला कोठीतून काढून दिलं, रोजचं मापटं कोठीत घातलं. कोठी गळ्यापर्यंत भरलेली असायची ती निम्म्यावर आली, पण रिकामी झाली नाही.

आणि मग नदीवरचा पूल खचला.

ट्रक पलीकडे, वसाहत अलीकडे. पहिल्या आठवड्यात लोक विनोद करत होते. दुसऱ्या आठवड्यात विनोद आटले. भाताची पेज झाली, पेजेचं पाणी झालं. रांगेतली माणसं एकमेकांच्या ताटांत बघायला लागली. खोकलेआजोबा म्हणून एक जुने कामगार होते, छातीत खाणीची धूळ साठलेली, वसाहतीतल्या पोरासोरांचे लाडके. ते एक दिवस रांगेतच खाली बसले आणि त्यांना उठता येईना. मापकाकूच्या मुलानं त्यांना उचलून बाकावर निजवलं आणि तो तसाच आईसमोर येऊन उभा राहिला.

"आई, मागच्या खोलीत तांदूळ आहे."

"तो येणाऱ्यांचा आहे."

"इथं आलेले मरतायत," तो म्हणाला. "आणि तू जे अजून नाहीतच त्यांच्यासाठी राखून ठेवतेस?"

सगळी रांग ऐकत होती. सून कांद्याच्या रिकाम्या टोपलीपाशी उभी होती. तिला पाचवा महिना चालू होता. मुलाचं म्हणणं खोटं नव्हतं. मापकाकू मागच्या खोलीत गेली आणि तिनं कोठीचं झाकण काढलं.

तांदूळ उबदार होता. झोपलेल्या पोराच्या पांघरुणात हात घालावा आणि लागावी, तशी ऊब. ओल लागली की धान्य तापतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं मूठभर काढून पाहिला. कोरडा ठणठणीत होता, दाण्यावर डाग नव्हता. तिनं पुन्हा हात घातला तेव्हा आतला तांदूळ किंचित बाजूला सरकला, दाटीत कुणी अंग चोरून जागा करून देतं ना, अगदी तसा. तिनं हात बाहेर ओढला. पण बाहेर खोकलेआजोबा बाकावर निजलेले होते. तिनं टोपलं भरलं.

त्या दिवशी सगळे पोटभर जेवले. इतक्या दिवसांनी भात मिळाला म्हणजे केवढा गलका व्हायला हवा. पण स्वयंपाकघरात कुणी बोललं नाही. ताटं वाजली नाहीत. लहान पोरंसुद्धा मान खाली घालून गपचूप जेवली, आणि आणखी वाढा म्हणून कुणी आलं नाही. कोठीचा तळ लागेपर्यंत रोज हेच झालं. मग पूल दुरुस्त होऊन ट्रक आला, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर मापकाकूचं कौतुक केलं. एकही माणूस दगावला नव्हता. तिनं मान डोलावली आणि ती भांडी आवरायला आत गेली.

काहीतरी बिनसलंय हे तिला पहिल्यांदा रांगेत दिसलं. एवढी दाटीवाटीची रांग, धक्काबुक्की करणारी माणसं, पण मधेच एक जागा मोकळी. पुढचा सरकला की मागचा सरके, मोकळी जागा तशीच त्यांच्याबरोबर पुढे येई. अशा काही जागा होत्या. कुणी त्यात घुसत नव्हतं, आणि विचारलं तर कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. ती जागा डावासमोर आली की मापकाकूचा हात आपोआप पातेल्यात जाई आणि ती भानावर येऊन तो मागे घेई.

मग तिसऱ्या तोंडासाठी बोलावलेली माणसं आली नाहीत. म्हणजे गाडीतून उतरली, फाटकापर्यंत चालत आली, तिथे थोडी घुटमळली आणि परत फिरली. पहारेकऱ्यानं एकाला विचारलं, तर तो म्हणाला, "इथं आपल्यासाठी काही नाही असं वाटलं."

आणि मग नर्स आली. वसाहतीत एकच नर्स होती, सडसडीत, कामाला पक्की, उगाच घाबरवणारी नव्हे. तिनं मापकाकूला बाजूला घेतलं.

"सुनेचं बाळ वाढत नाहीये, काकू."

मापकाकूनं तिचा हात धरला. "म्हणजे गेलं?"

"नाही. ठोके आहेत, छान आहेत. पण मागच्या खेपेला होतं तेवढंच आहे. त्या आधीच्या खेपेलाही तेवढंच होतं." नर्सनं आवाज आणखी खाली आणला. "ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोचंही तसंच. शिवणवालीचंही तसंच."

वसाहतीत त्या तिघीच पोटुशी होत्या. पूल खचल्यापासून आणखी कुणालाच दिवस गेले नव्हते. सुनेला शहरात नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, तारीख धरण्यात चूक झाली असणार, घाबरू नका. तारीख तशीच चुकत राहिली. नववा महिना आला आणि गेला, त्यानंतरचेही गेले. सुनेचं पोट पाचव्या महिन्यात होतं तेवढंच राहिलं. तिनं बाळासाठी विणायला घेतलेली लोकर संपली, दुसरी आणली, तीही संपली.

"ते हलतं का गं?" मापकाकूनं एकदा भीत भीत विचारलं.

"हलतं," सून म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "पण लाथा मारत नाही, आई. कुणी दाराबाहेर ताटकळत उभं असलं की या पायावरून त्या पायावर भार टाकतं ना, तसं हलतं."

मापकाकूला ते ऐकून सगळं उमगलं. कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या वाटचं तिनं लोकांना वाढलं होतं. ज्यांना इथे यायचं होतं त्यांच्यासाठी इथे घास उरला नव्हता, आणि ते बिचारे आगाऊपणा न करता बाहेर थांबले होते.

पूल झाल्यापासून ट्रकमध्ये जेमतेम आलेल्यांपुरतं यायचं, कोठीत घालायला मापटं उरत नव्हतं, म्हणून ती कचेरीत गेली. साहेब आता नवे होते, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला खुर्ची दिली.

"रोज एक मापटं जास्त हवंय," ती म्हणाली. "येणाऱ्यांसाठी."

"कोण येणार आहे?"

"ते मला कसं ठाऊक असणार?"

साहेब हसले, पण चांगल्या मनानं. "काकू, माणशी ठरलेलं धान्य येतं. जो माणूसच नाही, त्याच्या नावानं मी वर काय मागू?"

यावर तिला बोलता आलं असतं. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या नातवंडाची गोष्ट तिनं त्या टेबलासमोर सांगितली असती, तर दुसऱ्या दिवशी तिच्या हातातला डाव गेला असता. ती उठून आली.

आणि त्या दिवसापासून मापकाकूनं हात आखडता घेतला.

तांदूळ मोजताना पातेल्यात थोडा कमी, उरलेला कोठीत. वाढताना डाव तोच, पण पुरता बुडवायचा नाही. तिचा हात इतका सरावलेला होता की आधी कुणाला पत्ताच लागला नाही. माणसं जेवून उठायची आणि घरी जाईपर्यंत त्यांना पुन्हा भूक लागायची, आणि आपल्यालाच काहीतरी झालंय असं त्यांना वाटायचं. स्वतःच्या ताटाला तर तिनं केव्हाच रामराम ठोकला होता. पातेल्याच्या बुडाची खरड पाण्यात कालवून ती उभ्याउभ्या प्यायची.

कोठीत वीतभर तांदूळ झाला त्या आठवड्यात ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोला परकराची नाडी सैल करावी लागली. मग सुनेलाही. सून पोटावर हात ठेवून स्वयंपाकघरात आली आणि सासूच्या गळ्यात पडून रडली. मापकाकूनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलायचं. पण सुनेच्या खांद्यावरून तिला बाहेरची रांग दिसत होती आणि रांगेतले चेहरे दिसत होते.

खोकलेआजोबांना मात्र कळलं. म्हातारपणी माणसाला दुसरं काम काय, तो ताटाकडेच बघत बसतो.

"काकू," ते एक दिवस म्हणाले, "डावाला भोक पडलंय का गं?"

"तुमच्या डोळ्यांना पडलंय," ती म्हणाली. रांगेत लोक हसले. आजोबाही हसले, खोकले, आणि ताट घेऊन सावकाश निघून गेले. तिला त्यांना हाक मारून आणखी एक डाव वाढावासा फार वाटला. तिनं हाक मारली नाही.

काही दिवसांनी आजोबा रांगेत आले नाहीत. शेजाऱ्यानं दार ढकललं तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर रिकामं ताट. नर्स म्हणाली, छातीच होती, कधीतरी व्हायचंच. मापकाकूला ठाऊक होतं ते कशानं झालं. ती मागच्या खोलीत दार लावून बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. मग उठून तिनं कोठीत हात घालून वीत मोजली. आता थांबणं तिला शक्य नव्हतं. अर्ध्यावर सोडलं असतं तर आजोबाही फुकट गेले असते आणि पोरंही.

तिसरी वीत भरली त्या दिवशी तिनं डाव पुन्हा पुरता बुडवला. तीन येणार, तीन विती. वसाहतीच्या चेहऱ्यांवर हळूहळू तजेला परतला. तिचा मुलगा यंत्रावर काम करताना हात थरथरतात म्हणायचा, ते थांबलं. ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोला मुलगा झाला, शिवणवालीला मुलगी. दोन्ही बाळं धडधाकट, आणि ज्या ज्या दिवशी बाळ आलं त्या त्या दिवशी रांगेतली एक जागा बुजली. वर्षभर टांगणीला लागलेला मापकाकूचा जीव जरा खाली टेकला. ती सुनेच्या दिवसांची वाट बघू लागली, आणि रांगेत पोरांची थट्टाही करू लागली.

सुनेला कळा सुरू झाल्या त्या भर सकाळी. मुलगा कामावर होता, त्याला निरोप गेला. मापकाकूला सुनेपाशी बसायचं होतं, पण चुलीवर सगळ्या वसाहतीचा भात होता. दुपारच्या जेवणाची रांग लागली आणि नर्स मागच्या दारानं आत आली. हात नुकतेच धुतलेले, कोपरावरून पाणी ठिबकत होतं.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "छान आहे. रडली खणखणीत."

मापकाकूनं डाव खाली ठेवला आणि हात जोडले. कुणाला जोडले ते तिलाही सांगता आलं नसतं. पण नर्स गेली नाही, तिथेच उभी राहिली.

"काकू, आत आणखी एक आहे."

"जुळं?"

"जुळंच. मला इतके महिने कळलं नाही, एकाच्या आड दुसरं होतं." नर्स एवढी पक्की बाई, पण धुतलेले हात पुन्हा पुन्हा पुसत होती. "हिची पूर्ण वाढ झालीय. दुसरं पाच महिन्यांएवढंच आहे. ठोके चालू आहेत. कळा थांबल्या. मी अशी गोष्ट कधी बघितली नाही. सून घाबरलीय, सारखी तुमचं नाव घेतेय."

मापकाकूनं चुलीच्या कडेला हात टेकला. चार येणारे होते आणि तिनं तिघांचं मोजलं होतं. आयुष्यभर ज्या हाताचं माप चुकलं नाही, ते चुकलं कुठे तर आपल्याच घरात. चौथ्याची वीत अजून भरायची होती. ती पुन्हा सगळ्यांच्या ताटातून थोडी थोडी काढायची, तर रांगेत आता कुणाचं अंग सगळ्यांत आधी साथ सोडेल ते तिला डोळ्यांसमोर दिसत होतं. शिवणवालीची थकलेली आई होती. ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोला अंगावर पाजायचं होतं. मागच्या खेपेला तिनं कोण जाणार ते न बघता काढलं होतं. या खेपेला बघितल्याशिवाय काढवेना. आणि स्वतःच्या ताटात तर काढण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

"तिला सांग, मी आलेच," ती नर्सला म्हणाली. "वाढून येते."

रांगेत पहिलाच तिचा मुलगा होता, लोकांनीच त्याला पुढे घातलं होतं. यंत्रावरून तसाच धावत आलेला, केसांत पांढरी धूळ, चेहरा आनंदानं फुललेला. मुलगी झाल्याचं त्याला वाटेतच कळलं होतं. बाकीचं कळलं नव्हतं.

"पटकन वाढ, आई. जेवतो आणि बघायला जातो. आज पोटभर वाढ, सकाळपासून काही नाही पोटात."

मापकाकूनं डाव बुडवला आणि वर काढला. निम्मा भात तिनं पातेल्याच्या कडेला झटकून परत आत पाडला, आणि उरलेला त्याच्या ताटात ठेवला. डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचं तिला सुचलं नाही.

तो ताटाकडे बघत राहिला. मग आईकडे. मग तिच्या मागे मागच्या खोलीच्या दाराकडे, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू मावळलं. कोठी उघडायला त्यानंच लावली होती, आणि मधल्या महिन्यांतल्या उण्या ताटांचा अर्थ त्याला आत्ता लागला.

"किती दिवस?" त्यानं हळूच विचारलं.

"पुढे हो," ती म्हणाली. "मागं माणसं खोळंबलीत."